संक्षेप, लिपी आणि वनपरवाना

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत लाकडाची ओळख फार पूर्वीपासून एका ठशावर अवलंबून राहिली आहे. तोडलेल्या सागाच्या ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याने उमटविलेली निशाणी, तिच्या जोडीला क्रमांक आणि त्या क्रमांकासमोर नोंदवहीत उतरविलेला तपशील, अशी ही व्यवस्था आहे. आलापल्लीच्या रानातून निघालेला ओंडका बल्लारशाच्या आगारात पोहोचेपर्यंत त्याच्याविषयीची माहिती दोन जागी विभागलेली असते. लाकडावर थोडीशी, वहीत पुष्कळशी. ज्याच्या हाती वही त्यालाच ठसा बोलतो; इतरांच्या लेखी तो मुका.

वनोपजाच्या वाहतूक परवान्यावर आता जो काळ्यापांढऱ्या घरांचा चौकोन दिसू लागला आहे, त्याच्यासंबंधी हाच प्रश्न नव्याने उपस्थित होतो. केंद्रीय वनमंत्रालयाने २९ डिसेंबर २०२३ रोजी देशभरासाठी राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली सुरू केली; तिच्या परवान्यावर क्यूआर संकेत असतो आणि निरनिराळ्या राज्यांच्या तपासणी नाक्यांवर त्यावरून परवान्याची वैधता पाहिली जाते. असा संकेत दोन प्रकारे रचता येतो. एकतर त्यात केवळ क्रमांक अथवा दूरच्या संगणकावरील जागेचा पत्ता ठेवावा, म्हणजे हातोड्याच्या ठशाचीच सुधारलेली आवृत्ती तयार करावी. नाहीतर परवान्याचा संपूर्ण मजकूर, देणाऱ्याच्या अंकीय स्वाक्षरीसह, त्या चौकोनातच साठवावा. दुसऱ्या प्रकारात जागेची अडचण येते, आणि तेथेच मजकुराच्या संक्षेपणाचा विषय सुरू होतो. या विषयावरील लेखनात संक्षेपणाचे फळ बहुधा एकाच मापाने मोजले जाते: त्याच चौकोनात किती अधिक माहिती मावली. या मापाने देवनागरीच्या आणि या प्रदेशाच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन गोष्टी निसटतात.

या दोन्ही गोष्टींना कायद्याची पार्श्वभूमी आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील कलम ४१ अन्वये वनोपजाच्या वाहतुकीचे नियमन शासनाकडे आले व परवाना देणारा हात वनखात्याचा राहिला. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने गौण वनोपजावरील मालकी ग्रामसभांच्या बाजूस आणली, तरी वाहतूक परवान्याचे पुस्तक कोणाच्या हाती असावे हा वाद शिल्लक होता. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. पुढे २०१२ च्या सुधारित नियमांनी हा अधिकार ग्रामसभेच्या समितीस स्पष्टपणे दिला. म्हणजे परवाना लिहिणारी लेखणी गावात आली. ज्या लिपीत ती लेखणी चालते तीच लिपी परवान्यावरील संकेतातही असावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. शिवाय भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या भागांत मोबाइलचे जाळे सर्वत्र सारखे नाही, आणि पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडचा संपर्क तुटल्याचे प्रसंग अनेक पावसाळ्यांत घडले आहेत. केवळ पत्ता सांगणारा संकेत अशा जागी निरुपयोगी ठरतो. ज्या परवान्यात त्याचा मजकूर त्याच्यापाशीच आहे तोच तेथे वाचता येईल.

क्यूआर संकेताची रचना जपानमधील डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये केली. मोटारीच्या सुट्या भागांवर लावण्यासाठी निघालेला हा संकेत २००० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याचे ४० आकार आहेत. सर्वांत मोठ्या आकारात एका बाजूस १७७ घरे येतात. त्यात दोषसुधारणेच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवर सुमारे ७ टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो, सर्वांत वरच्या पायरीवर सुमारे ३० टक्के. सर्वांत मोठ्या आकारात खालच्या पायरीवर २९५३ बाइट मावतात, वरच्या पायरीवर १२७३. संरक्षण आणि जागा यांचा हा व्यस्त संबंध पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

या मानकाच्या पोटात संक्षेपण आधीपासूनच बसविलेले आहे, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. केवळ अंक असतील तर तीन अंक १० बिटांत बसतात. रोमन मोठी अक्षरे, अंक व थोडी चिन्हे मिळून ४५ चिन्हांचा एक संच केलेला आहे. त्यातील दोन चिन्हे ११ बिटांत बसतात. आणि जपानी चित्राक्षरांसाठी स्वतंत्र प्रकार आहे. त्यात एक अक्षर १३ बिट घेते. निर्मात्यांनी आपल्या लिपीची सोय प्रथम पाहिली हे स्वाभाविकच होय. पुढे चीननेही आपल्या लिपीची सोय असलेला हानशिन हा निराळा चौकोनी संकेत रचला व २०२१ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानकात नेला. क्यूआरच्या मानकात देवनागरीसाठी असा प्रकार नाही. देवनागरी मजकूर तेथे सर्वसाधारण बाइटांच्या रूपाने, व्यवहारात युनिकोडच्या यूटीएफ-८ या संकेतनात, जातो आणि प्रत्येक वर्णचिन्हास तीन बाइट, म्हणजे २४ बिट मोजतो.

‘चंद्रपूर’ हा शब्द घेऊ. युनिकोडमध्ये त्याची आठ चिन्हे होतात: च, अनुस्वार, द, हलन्त, र, प, दीर्घ उकार, र. त्यांचे २४ बाइट. हेच नाव रोमन मोठ्या अक्षरांत लिहिल्यास दहा अक्षरे लागतात, आणि ती क्यूआरच्या खास प्रकारात ५५ बिटांत, म्हणजे सात बाइटांहून कमी जागेत बसतात. ‘गडचिरोली’चा हिशेबही नेमका असाच येतो. देवनागरीत शब्द आखूड आहे आणि तरीही त्याची किंमत तिपटीहून अधिक आहे. हा खर्च लिपीच्या स्वभावातून आलेला नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो, दुसरा दोहोंपैकी एक असतो, आणि तिसऱ्यात चौसष्टच पर्याय संभवतात. एकंदर चिन्हे १२८. त्यांतील एक निवडण्यास ७ बिट पुरे. उरलेले १७ बिट प्रत्येक अक्षरागणिक एवढेच सांगत राहतात की, पुढील अक्षर देवनागरी आहे. पाहुण्याने प्रत्येक वाक्याच्या आधी आपले गाव सांगावे, तसा हा प्रकार आहे.

इतिहासात याहून बरा मार्ग उपलब्ध होता. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की हे संकेतन प्रमाणित केले. त्यात देवनागरीचे चिन्ह एका बाइटात बसे. युरोपीय लिप्यांना एकेका बाइटात बसविणाऱ्या आंतरराष्ट्रीय ८८५९ मालिकेतही बारावा भाग देवनागरीसाठी योजलेला होता. ते काम १९९७ मध्ये सोडून देण्यात आले. मालिकेतील ती जागा आजही रिकामी आहे.

रिकाम्या राहिलेल्या जागेचा परिणाम कोठवर पोहोचतो हे आधारच्या सुरक्षित क्यूआर संकेतावरून दिसते. पहिले आधारपत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी दिले गेले. पत्रावर नाव व पत्ता मराठीतही छापलेला असतो. २०१८ मध्ये आलेल्या सुरक्षित संकेताची रचना तांत्रिक दृष्टीने खरोखर वाखाणण्याजोगी आहे. नाव, पत्ता, छायाचित्र व २५६ बाइटांची अंकीय स्वाक्षरी असा ऐवज जीझिप पद्धतीने आवळून, त्या साऱ्या बाइटांची मिळून एकच प्रचंड दशमान संख्या केली जाते व ती क्यूआरच्या अंकप्रकारात लिहिली जाते. तीन अंकांना १० बिट पडत असल्याने या रूपांतरात जागा जवळजवळ वाया जात नाही; आणि नुसते बाइट ठेवले असता निरनिराळी वाचकयंत्रे त्यांना मजकूर समजून जी मोडतोड करतात तीही टळते. जाळ्यावाचून, केवळ सार्वजनिक किल्लीच्या आधारे, हे पत्र खरे की खोटे ते ठरविता येते. एवढे सर्व साधूनही त्यातील मजकुराचे संकेतन मात्र ८८५९ मालिकेतील पहिल्या भागाचे, म्हणजे पश्चिम युरोपीय अक्षरांचे आहे. त्यात देवनागरी लिहिताच येत नाही. कागदावर मराठी नाव छापलेले आहे, परंतु ज्याच्यावर स्वाक्षरी आहे, ज्याची सत्यता यंत्राला तपासता येते, ते नाव रोमन आहे. मराठी नाव शोभेपुरते उरले.

याचा व्यावहारिक तोटा वनजिल्ह्यांत विशेष जाणवण्यासारखा आहे. रोमन लेखनात ‘धानोरा’ व ‘धनोरा’ यांतला भेद राहत नाही. ‘मूल’ या तालुक्याच्या गावाचा दीर्घ उकार लुप्त होतो. आणि ‘वडसा’ हे एकच नाव पहिल्या अक्षराच्या दोन रोमन पर्यायांमुळे दोन प्रकारे लिहिले जाते, इतके की नावावरून नोंद शोधणाऱ्या यंत्राला ती दोन गावे वाटावीत. माडिया व गोंडी नावांचे मराठी कागदपत्रांत आधीच एकदा रूपांतर झालेले असते. रोमन हे दुसरे रूपांतर. मूळ उच्चाराकडे परत जाण्याची वाट त्यानंतर बंद होते. संक्षेपणशास्त्राचा दंडक असा आहे की, मजकुराचा आवळलेला ऐवज उलगडल्यावर मूळ जसेच्या तसे मिळाले पाहिजे. हा दंडक येथे संगणकाने पाळला. त्याच्या हाती मजकूर देण्यापूर्वीच तो मोडला गेला होता.

देवनागरी ठेवून जागा वाचविण्याचा उपाय अवघड नाही, आणि नवाही नाही. सर्वसाधारण संक्षेपणाच्या दोन वाटा प्रसिद्ध आहेत: वारंवार येणाऱ्या चिन्हास आखूड संकेत देणे, ही हफमनची १९५२ मधील वाट, आणि येऊन गेलेला मजकूर पुन्हा न लिहिता मागे बोट दाखविणे, ही लेंपेल व झिव यांची १९७७-७८ मधील वाट. जीझिप या दोहोंच्या संयोगावर उभे आहे. परंतु या पद्धती लांब मजकुरावर शोभतात. मागे बोट दाखवायचे तर मागे काही असावे लागते, आणि परवान्याचा मजकूर एका पोस्टकार्डाएवढा. जीझिपच्या वेष्टनालाच १८ बाइट लागतात. लहान मजकुरासाठी युनिकोडच्या सहाव्या तांत्रिक मानकात एससीएसयू ही अगदी साधी योजना दिलेली आहे. तिच्यात १२८ चिन्हांच्या ‘खिडक्या’ कल्पिलेल्या आहेत. एकदा खिडकी उघडल्याचा एक बाइट लिहिला की पुढील प्रत्येक अक्षरास एकच बाइट पडतो. जागा, पूर्णविराम इत्यादी चिन्हे खिडकी न बदलताच लिहिता येतात. विशेष म्हणजे आरंभीच तयार असलेल्या आठ खिडक्यांपैकी एक देवनागरीची आहे. ‘चंद्रपूर’ येथे २४ ऐवजी ९ बाइटांत बसते.

हिशेबासाठी ३०० चिन्हांचा एक परवाना कल्पू: ग्रामसभेचे नाव, वनोपजाचा प्रकार, नग, मार्ग, मुदत, वाहन, त्यांपैकी २५० चिन्हे देवनागरी व ५० रिकाम्या जागा आणि विरामचिन्हे. यूटीएफ-८ मध्ये त्याचे ८०० बाइट होतात. सर्वांत खालच्या संरक्षणावरही त्यास विसावा आकार, म्हणजे बाजूस ९७ घरे लागतात. एससीएसयूने तोच मजकूर ३०१ बाइटांत येतो व त्याच पायरीवर अकराव्या आकारात, ६१ घरांत मावतो. चार सेंटिमीटर बाजूच्या चौकोनात पहिल्या प्रकारी एक घर सुमारे ०.४१ मिलिमीटरचे पडते, दुसऱ्या प्रकारी सुमारे ०.६६ मिलिमीटरचे. परंतु याहून बोलका हिशेब निराळा आहे. ३०१ बाइटांच्या मजकुरास ६४ बाइटांची, विवृत्तीय वक्रांवर आधारलेली अंकीय स्वाक्षरी जोडली तर ३६५ बाइट होतात. आणि ते सर्वांत वरच्या, ३० टक्क्यांच्या संरक्षणासह त्याच विसाव्या आकारात, त्याच ९७ घरांत बसतात. जेथे पूर्वी स्वाक्षरीविना, ७ टक्क्यांच्या संरक्षणाचा मजकूर कसाबसा मावत होता, तेथे आता स्वाक्षरीसह चौपट संरक्षण मिळते.

संक्षेपणाचे यश अधिक माहिती कोंबण्यात पाहणारी दृष्टी येथे अपुरी ठरते. बांबूच्या गाडीबरोबर जाणारा परवाना खिशात घडी होऊन राहतो, घामाने भिजतो, पावसात त्याची शाई पसरते, नाक्यावरील शिपायाच्या बोटांचे डाग त्यावर पडतात. त्यात आणखी शंभर शब्द मावले तर कोणाचे काय साधणार? वाचलेली जागा घरे मोठी करण्यात व संरक्षण वाढविण्यात खर्च झाली तर मात्र कागद नाक्यापर्यंत वाचण्याजोगा पोहोचतो. स्वाक्षरीचे बाइट यदृच्छेने आल्यासारखे असतात व कोणत्याही युक्तीने ते आवळता येत नाहीत. म्हणून जी काटकसर करावयाची ती मजकुरातच करणे प्राप्त आहे.

याही पुढे जाण्याचा एक मार्ग कोशाचा आहे. परवान्याची भाषा साचेबंद असते. ‘वाहतूक परवाना’, ‘ग्रामसभा’, ‘परिक्षेत्र’, ‘लांब बांबू’, ‘तेंदूपत्ता’, ‘फळी’, ‘पुडा’ असे शब्द पुनःपुन्हा येतात. लिहिणारा व वाचणारा या दोघांच्याही यंत्रांत असा शब्दकोश आधीच असेल तर शब्दाऐवजी त्याचा अनुक्रम लिहून भागते. मराठी लेखनव्यवहारास ही कल्पना परकी नाही. मोडी दप्तरांत ‘मौजे’, ‘परगणे’ हे शब्द एकेका अक्षरावर दोन दंड देऊन आटोपले जात. दप्तर वाचणाऱ्यास संक्षेपांचा कोश मुखोद्गत असे, म्हणून अर्थहानी होत नसे. पाणिनीय प्रत्याहारांचे लाघवही शिवसूत्रे कंठस्थ असणाऱ्याच्याच कामाचे. मात्र कोश जेव्हा एकाच बाजूपाशी राहतो तेव्हा संक्षेपाचे रूपांतर गुप्तलिपीत होते. महानुभावांच्या सकळ लिपीतील पोथ्या राजवाड्यांनी उकलेपर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकांना मुक्याच होत्या. तेथे गुप्तता हाच हेतू होता. परवान्याच्या बाबतीत तसा हेतू नसताना तोच परिणाम घडू शकतो.

कोशाच्या वाटेवर दुसराही धोका आहे, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. गावाचे नाव लिहिण्याऐवजी जनगणनेतील सहा अंकी क्रमांक लिहिला तर २० बिटांत काम होते. पण या जिल्ह्यांतील कित्येक टोले व पाडे महसुली यादीत स्वतंत्र गाव म्हणून नाहीतच. वनहक्क अधिनियमाखाली मात्र अशा टोल्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. ज्याला क्रमांक नाही त्याचे नाव अशा संकेतात कसे लिहावे? कोणत्याही कोशात, त्याबाहेरचा शब्द अक्षरशः लिहिण्याची सोय ठेवावी लागते, आणि ती सोय स्वस्त असावी लागते. नाहीतर कोशातल्या मोठ्या गावाचा परवाना आटोपशीर आणि टोल्याचा परवाना अवजड, असा भेद निर्माण होईल. एससीएसयूची खिडकी व लहानसा कोश यांची जोड घातली तर हा भेद पुष्कळ कमी होतो; निव्वळ क्रमांकांच्या पद्धतीत तो टाळता येत नाही.

या योजनेविरुद्ध घेता येण्यासारखा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्याला एससीएसयू समजत नाही. यूटीएफ-८ मधील मराठी मजकूर कोणत्याही चांगल्या फोनवर तत्काळ दिसतो. आवळलेला मजकूर उलगडण्यास खास साधन लागते. आक्षेप खरा आहे. पण ज्या क्षणी परवान्यावर अंकीय स्वाक्षरी आली त्या क्षणी खास साधन अपरिहार्य झाले, कारण स्वाक्षरी तपासणे साध्या कॅमेऱ्याच्या कक्षेतले नाही. आधारच्या संकेतास तसे साधन लागते. भारतात २०२१ मध्ये दिलेल्या कोविड लसीकरण प्रमाणपत्राच्या संकेतातही मजकूर झिप करूनच ठेवलेला होता, आणि युरोपीय संघाच्या प्रमाणपत्रानेही संक्षेपण केलेल्या बाइटांना क्यूआरच्या ४५ चिन्हांच्या संचात बसविण्याची युक्ती योजली होती. तेव्हा साधन लागणारच, हे गृहीत धरून पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: ते साधन व त्याचा कोश ग्रामसभेच्या फोनमध्येही असणार, की केवळ नाक्यावरच्या? दुसरे घडले तर हातोडा व वही यांची जुनी वाटणी नव्या रूपात परत येईल.

मराठीपुरता एक किरकोळ भासणारा पण चिवट घोटाळा येथे नोंदविणे आवश्यक आहे. ‘दऱ्या’सारख्या शब्दातील अर्धा रकार युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त देऊन, अथवा साध्या र ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला निराळे. अदृश्य चिन्ह देवनागरीच्या खिडकीबाहेरचे असल्याने एससीएसयूत त्यास दोन बाइट पडतात, हा खर्च क्षम्य आहे. मजकूर संकेतातून घेण्याऐवजी कोणी कागदावरून पुन्हा टंकलिखित करून स्वाक्षरीशी ताडून पाहिला तर मात्र जुळणी होणार नाही आणि खरा परवाना खोटा ठरेल. लेखनाचे एकच रूप आधी निश्चित करणे हे काम संगणकतज्ज्ञांइतकेच भाषेच्या विभागांचे आहे, आणि ते त्यांनी अद्याप आपले मानलेले दिसत नाही.

गोंडीचा प्रश्न याच्याही पलीकडचा आहे. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेल्या लिपीस २०१७ मध्ये, आणि आदिलाबादकडील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांच्या लिपीस २०१८ मध्ये, युनिकोडमध्ये स्थान मिळाले. दोन्ही लिप्या पूरक विभागात असल्याने यूटीएफ-८ मध्ये त्यांच्या प्रत्येक चिन्हास चार बाइट पडतात. देवनागरीच्याही एक पाऊल मागे. एससीएसयूत मसराम लिपीसाठी खिडकी तयार नाही, पण तीन बाइट खर्चून ती उघडता येते, आणि संपूर्ण लिपी त्या एका खिडकीत मावते. त्यानंतर गोंडीचे चिन्हही मराठीच्या चिन्हाइतकेच, एका बाइटाचे होते.